फ्रान्सच्या राणीच्या दरबारी बायका दिवसभर करायच्या तरी काय?

तुमचा प्रश्न असा आहे, की फ्रान्सच्या राणीभोवती ज्या मोठ्या घरच्या बायका असायच्या त्या दिवसभर काय करायच्या, आणि ते आयुष्य सिनेमात दिसतं तसं ऐषारामाचं होतं का. मी फ्रेंच शिकले ती याच काळाच्या ओढीने, त्यामुळे अठराव्या शतकातली राणी मारी आंत्वानेत हिच्या व्हर्सायबद्दल, म्हणजे पॅरिसजवळच्या राजवाड्याबद्दल सांगते.

राणीच्या पदरी दोन थरांतल्या बायका होत्या. वरच्या थरात सरदार घराण्यातल्या मानकरणी. पूर्वी तिथे अविवाहित मुली असत. आधीचा राजा चौदावा लुई याची प्रेयसी मोंतेस्पां त्यांच्यातूनच आलेली. 1673 मध्ये लुईने ती प्रथा मोडली आणि लग्न झालेल्या बायका नेमल्या. त्या आठवड्याच्या पाळीने हजर राहत. पद मिळालं की वेतन मिळे, शिवाय नवऱ्याला, भावाला, मुलाला पुढे सरकवता येई. खालच्या थरात राणीच्या महालातल्या बायका, आणि खरं काम यांच्या अंगावर.

मादाम काँपाँ ही त्यांच्यातली. पंधराव्या वर्षी ती पंधराव्या लुईच्या मुलींना पुस्तकं वाचून दाखवायला दरबारात आली. पहिल्या दिवशी दोन वाक्यं वाचून होतात तोच छाती धडधडायला लागली, आवाज कापायला लागला, समोरचं दिसेना. पुढे ती मारी आंत्वानेतच्या महालातली मुख्य झाली. 1822 मध्ये ती वारली आणि त्यानंतर तिच्या आठवणी छापून आल्या. रोज सकाळी राणीपुढे कापडाचे तुकडे चिकटवलेली वही यायची आणि त्या दिवशी घालायच्या पोशाखांवर राणी टाचण्या टोचायची, हे त्यातच वाचायला मिळतं.

त्यातला एक प्रसंग मी कितीदा वाचला असेल. हिवाळ्याची सकाळ. राणीचे कपडे उतरवलेले, आता आतला सदरा अंगात घालायचा. काँपाँ तो उलगडून उभी आहे. तेवढ्यात मुख्य मानकरीण आत येते. सदरा द्यायचा मान तिचा, म्हणून ती घाईने हातमोजे काढून तो घेते. दारावर नखाने खरवडल्याचा आवाज होतो (तिथे दार ठोठावायची पद्धत नव्हती), आणि राजघराण्यातली ऑर्लेआंची डचेस येते. आता मान तिचा. पण मानकरणीने सदरा थेट तिच्या हातात द्यायचा नाही! तो आधी काँपाँकडे परत येतो आणि मग डचेसकडे जातो. पुन्हा खरवडण्याचा आवाज. यावेळी राणीची जाऊ, प्रोव्हांसची काउंटेस. सदरा तिच्याकडे. राणी दोन्ही हात छातीशी घेऊन गारठत उभी आहे. तिची अवस्था बघून जाऊबाई हातमोजे न काढताच सदरा चढवते आणि त्या गडबडीत राणीचे केस विस्कटतात.

आपल्या लग्नांतले मानपान ज्यांनी पाहिलेत त्यांना हे लगेच कळेल. तो सदरा हातात धरायला मिळणं हीच त्या बायकांची दौलत होती. तिच्यासाठी त्या तासन् तास उभ्या राहत, कारण राणीसमोर बसायचं तर साधं बिनपाठीचं स्टूलसुद्धा डचेसच्या दर्जाशिवाय मिळत नसे. म्हणून याला मी ऐषाराम म्हणणार नाही. कपडे रेशमी होते, पण दिवस ताटकळण्यात जायचा.

आणि तरी त्यांना नुसत्या मानाच्या भुकेल्या म्हणणं अन्यायाचं होईल. फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली होती, आणि 5 ऑक्टोबर 1789 च्या रात्री पॅरिसहून आलेला संतप्त जमाव व्हर्सायला ठाण मांडून होता. काँपाँची बहीण मादाम ओगिए आणि मादाम तिबो यांची त्या रात्री पाळी होती. राणीने त्यांना झोपायला सांगितलं. त्या झोपल्या नाहीत. आपापल्या दासींना बोलावून चौघीजणी राणीच्या खोलीच्या दाराला पाठ लावून बसल्या. पहाटे गोळीबार ऐकू आला. ओगिएने पुढचं दार उघडलं तर रक्ताने माखलेला पहारेकरी ओरडत होता, "राणीला वाचवा!" तिने अडसर घातला आणि धावत पलंगाशी गेली.

व्हर्सायच्या त्या शयनगृहात, पलंगाच्या बाजूला, भिंतीच्या कापडात दडलेलं एक छोटं दार आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. राणी तिथूनच राजाकडे पळाली. "कपडे करत बसू नका," असं ओगिएने तिला सांगितलं होतं. अंगावर एक परकर कसाबसा चढवला होता, त्याची नाडी बांधायलाही वेळ नव्हता.