अणुभट्टीचा अपघात झाला तेव्हा तुम्ही जपानमध्येच थांबलात की घरी परत आलात?

आमच्या घरात दोन्ही झालं. नवरा तिथेच थांबला. मी सात महिन्यांच्या लेकीला घेऊन माहेरी आले आणि जूनमध्ये परत गेले. माहेर यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडचं खेडं. तेव्हा आम्ही टोकियोत निशी-कसाईला राहायचो. तिथे आपल्या लोकांची बरीच वस्ती आहे.

११ मार्च २०११ च्या भूकंपात आमचं काही नुकसान झालं नाही. खरी भीती नंतर सुरू झाली. त्सुनामीचं पाणी फुकुशिमा दाइइची केंद्रात शिरलं, डिझेल जनरेटर बुडाले आणि भट्ट्या थंड ठेवायला वीजच उरली नाही. १२ आणि १४ तारखेला हायड्रोजनचे स्फोट झाले. गावात टीव्हीवर दिवसभर तेच. केंद्र आमच्यापासून दूर आहे, नागपूर ते अकोला असेल एवढं, असं मी बाबांना फोनवर समजावलं. ते म्हणाले, "वारा काय नागपुरात थांबते काय, पोरी?"

आणि वारा थांबला नाहीच. १५ तारखेला टोकियोतली किरणोत्सर्गाची पातळी नेहमीपेक्षा कितीतरी पट वर गेली, मग उतरली. २१-२२ला पाऊस पडला. २३ला जाहीर झालं की कानामाचीच्या जलशुद्धीकरण केंद्रातल्या पाण्यात आयोडीन-१३१ हे किरणोत्सर्गी आयोडीन सापडलंय: लिटरमागे २१० बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं माप). मोठ्यांसाठी मर्यादा ३००, तान्ह्या बाळांसाठी १००. आमच्या नळाला तेच पाणी. लेक पावडरच्या दुधावर होती. सकाळची बाटली मी नळाचंच पाणी उकळून केली होती, आणि उकळल्याने आयोडीन जात नाही. दुकानात पाण्याच्या बाटल्या संपलेल्या. दुसऱ्या दिवशी सरकारकडून बाळामागे साडेपाचशे मिलीच्या तीन बाटल्या मिळाल्या. त्याच दिवशी आकडा ७९वर आला आणि बाळांना नळाचं पाणी देऊ नका ही सूचना मागे घेतली. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी सकाळची ती बाटली डोळ्यांपुढून जाईना. तीन दिवसांनी मी विमानात बसले.

गावी पोचले तर अंगणात बाया जमलेल्या. एरवी लेकरू या हातातून त्या हातात फिरलं असतं. त्या दिवशी कुणी हात पुढे केला नाही. शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारलं, "त्या गॅसचं लेकरापासून काही लागते काय वं?" त्यांच्या डोक्यात भोपाळ होतं. मला फार लागलं ते, पण रागावू कुणावर? त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. मी तिथेच बसून सांगितलं: किरणं म्हणजे गोवर-कांजिण्या नाहीत, माणसाला शिवून लागत नाहीत, आम्ही राहत होतो तिथे अंगाला चिकटून येईल एवढी किरणोत्सर्गी धूळही नव्हती. काकूंनी ऐकून घेतलं, पदराला हात पुसले आणि लेकीला उचललं. पुढे कळलं की फुकुशिमातून बाहेर पडलेल्यांच्या मुलांना जपानमध्येच शाळेत असलं ऐकावं लागलं. तिथे मांडीवर घेणारी काकू कितीजणांना भेटली असेल?

त्याच अंगणात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. आई लेकीसाठी बोअरचं पाणी गाळत होती. आमच्या भागात कैक बोअरांना फ्लोराइड आहे, पोरांच्या दातांवर पिवळे डाग दिसतात, म्हाताऱ्यांचे गुडघे धरतात. मी विचारलं, "या पाण्यात किती आहे?" कुणालाच माहीत नव्हतं. टोकियोत मी एका आकड्याला घाबरून पळाले होते. इथे कुणी आकडाच सांगितला नव्हता. लेकीसाठी मी पाण्याचे कॅन आणवले. सगळ्या गावाला ते कुठून परवडणार?

म्हणून तुम्हाला एवढंच सांगेन: घरी बाळ असेल, पोटुशी बाई असेल, तर निघा, कुणाला लाजू नका. बाकीच्यांनी आधी अंतर, वारा आणि पाण्याचा रोजचा आकडा पाहावा. नवऱ्याने तेच केलं आणि त्याचं बरोबर होतं. पण निघणं-थांबणं हा पर्याय आमच्यासारख्या परक्यांकडे होता. हातात पासपोर्ट होता, तिकिटाला पैसे होते.

फुकुशिमातल्या एका कोबी पिकवणाऱ्या शेतकऱ्याची बातमी मी बाबांना वाचून दाखवली. साडेसात हजार कोबी वावरात उभे होते. तिथल्या भाजीवर सरकारने बंधन घातलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी गळफास घेतला. चौसष्ट वर्षांचे होते. बाबांनी पेपर घडी करून ठेवला. आमच्या गावात अशी घरं त्यांनी डोळ्यांनी पाहिलीत. बराच वेळाने म्हणाले, "तू आली निंघून. तो वावर कुठी नेईन?"

ऑगस्टमध्ये निशी-कसाईच्या बाजारात फुकुशिमाचे पीच आले. शेजारी यामानाशी या दुसऱ्या प्रांतातले पीच होते, त्यांच्यापेक्षा फुकुशिमाचे पुष्कळ स्वस्त. लेकीला दिले नाहीत, आम्ही दोघांनी खाल्ले. रात्री फोनवर बाबांना सांगितलं. चव कशी होती, हे त्यांनी विचारलंच नाही.

"त्यायले भाव काय भेटला?" एवढंच म्हणाले.