वाचकांचे प्रश्न : हॉकी क्लबाचा इतिहास लिहिताना

प्रश्न : आमच्याकडच्या सर्वांत जुन्या चषकावर जे साल आहे, त्यानंतर तब्बल सोळा वर्षांनी क्लबाची नोंदणी झाली आहे. स्मरणिकेत स्थापनेचे वर्ष कोणते छापावे? कमिटीत दोन तट पडलेत. (वाचक, म्हापसा)

उत्तर : पहिला सामना, पहिली सभा आणि नोंदणी या तीन वेगळ्या घटना आहेत. तिन्ही तारखा पुराव्यासह छापा, म्हणजे भांडणाला जागा उरणार नाही. एकच वर्ष हवे असेल, तर क्लबाचे नाव असलेला त्या काळचा सर्वांत जुना कागद प्रमाण माना.

एकट्या चषकावर विसंबू नका. फिरत्या चषकावर जुन्या विजेत्यांची नावे पुष्कळदा मागाहून एकाच वेळी कोरून घेतलेली असतात. भिंगातून पाहा : पाच-सहा वर्षांची अक्षरे एकाच हाताची, एकाच खोलीची दिसली तर ती नोंद त्या-त्या वर्षीची नव्हे. शिवाय सुरुवातीला खेळणारा संघ गावाच्या नावाने खेळला की क्लबाच्या, हेही तपासायला हवे.

नोंदणीची फाईल मात्र सोन्यासारखी असते. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याच्या चौथ्या कलमानुसार वार्षिक सभेनंतर 14 दिवसांच्या आत कार्यकारी मंडळाची यादी, पत्ते आणि व्यवसायासह, निबंधकाकडे द्यावी लागते. एकोणिसाव्या कलमाखाली ही कागदपत्रे शुल्क भरून कोणालाही पाहता येतात, प्रमाणित नक्कलही मिळते. अर्जात नोंदणी क्रमांक आणि साल लिहा. नुसते क्लबाचे नाव दिले तर शोध लांबतो, कारण नावे मध्येच बदललेली असतात. ज्या वर्षांच्या याद्याच नाहीत, ती बहुधा क्लब थंड पडल्याची वर्षे. तीही इतिहासात आली पाहिजेत. स्मरणिकांतून नेमकी तीच गाळली जातात आणि क्लब पुन्हा कोणी उभा केला, हे कोणालाच कळत नाही.

गोवा मुक्तीच्या, म्हणजे 1961 च्या आधीचे शोधायचे तर पणजीला पाट्टोवरच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जा. पोर्तुगीज अमदानीतले सरकारी राजपत्र पाहा, संस्थांच्या नियमावल्यांच्या मंजुरीची नोंद त्यात सापडू शकते. ‘ओ हेराल्दो’ हे दैनिक 1900 पासूनचे, 1983 पर्यंत पोर्तुगीजच. मराठीसाठी ‘गोमन्तक’, पण तो 24 मार्च 1962 ला सुरू झाला. अंक सरसकट चाळू नका; आधी मोसम आणि स्पर्धा ठरवा, मग रविवारच्या सामन्यासाठी पुढचे दोन-तीन दिवस पाहा.

इथे एक फसगत हमखास होते. पोर्तुगीज वृत्तपत्रात नुसते ‘हॉकी’ आले, तर ती चाकांच्या बुटांवरची हॉकीही असू शकते. तो खेळ पोर्तुगालचा लाडका. खेळाडूंची नावे मोजा : मैदानी हॉकीत अकरा, चाकांवरच्या हॉकीत मैदानात पाचच.

प्रश्न : संघाचे कृष्णधवल फोटो आहेत, मागे काहीच लिहिलेले नाही. साल कसे ठरवावे? (वाचक, मडगाव)

उत्तर : फोटोबरोबर सामन्याच्या गोलांची नोंद (स्कोअरशीट) किंवा सामन्याचे वर्णन असेल तर खेळाचे नियम मदतीला येतात. पेनल्टी बुलीच्या जागी पेनल्टी स्ट्रोक 1963 मध्ये आला (बुली म्हणजे समोरासमोरच्या दोन खेळाडूंनी काठ्या एकमेकींवर टेकवून मग चेंडूसाठी झुंजणे). कडेचा चेंडू हाताने आत सरपटवणे 1970 मध्ये बंद झाले. सामन्याची सुरुवात बुलीऐवजी मागे पास देऊन करणे 1981 पासून, ऑफसाइड रद्द 1998 मध्ये, फ्री हिट स्वतःलाच पास देऊन घेणे 2009 मध्ये. 15 मिनिटांची चार सत्रे आंतरराष्ट्रीय सामन्यांत 2014 पासून. त्याआधी 35 मिनिटांचे दोन अर्ध. नव्या नियमाची खूण सापडली तर कागद त्या वर्षाच्या आधीचा नाही, एवढे पक्के. जुना नियम दिसला म्हणून तो जुनाच, असे मात्र धरू नका. गावच्या मैदानावर नियम उशिरा पोहोचत.

फोटो वडीलधाऱ्यांना दाखवताना ‘कोणते साल?’ असे विचारू नका. माणसे गोल आकडा सांगून मोकळी होतात. ओळखीच्या घटनेला धरून विचारा : मुक्तीच्या आधी की नंतर, ओपिनियन पोलच्या (गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा का, यावरचे मतदान, जानेवारी 1967) वेळी हा गोलरक्षक होता का, मांडवीचा पूल जुलै 1986 मध्ये कोसळला तेव्हा पणजीला खेळायला फेरीबोटीने गेला होता का. दोघांना वेगवेगळे विचारा. एकत्र बसवले की मोठ्या आवाजाच्या माणसाची आठवण सर्वांची होते. आणि नावे रांगेनुसार लिहून घ्या : ‘बसलेले, डावीकडून’. मधला एक अनोळखी असेल तर तिथे प्रश्नचिन्ह ठेवा, जागा गाळलीत की पुढची सगळी नावे एकेक घर सरकतात.

प्रश्न : सभावृत्ताच्या वह्या पावसात ओलावून चिकटल्या आहेत. (वाचक, फोंडा)

उत्तर : उन्हात घालू नका, कागद वाकडा होतो आणि शाई उडते. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वही उभी, पाने पंख्यासारखी थोडी उघडी ठेवून वाळवा. दर आठ-दहा पानांमागे पांढरा टिपकागद घाला आणि तो ओला झाला की बदला. चिकटलेली पाने ओढू नका. पूर्ण वाळल्यावर बोथट सुरीने कोपऱ्यापासून हळूहळू सुटतात, न सुटली तर तशीच ठेवा. बुरशी घराबाहेर, मास्क लावून, मऊ ब्रशने झाडा. ओल्या बुरशीवर ब्रश फिरवला तर ती कागदात घासली जाते.

गंजलेल्या पिना काढताना मागचे पाय आधी सरळ करा, मग पुढून उचला. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. उष्णतेने चिकटवलेले पुन्हा सुटत नाही. कपाट चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटे जागा सोडा. पावसाळ्यात भिंत पाझरते. स्कॅनिंग डिसेंबर ते मार्च या कोरड्या दिवसांत उरका. वह्यांना 300 डीपीआय पुरे, पोस्टकार्डाएवढ्या फोटोला 600, पासपोर्ट आकाराला 1200. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. मूळ प्रत टिफमध्ये, वापरायला जेपेग. दोन प्रती दोन घरांत.

प्रश्न : गावातले एक खेळाडू ऑलिम्पिक खेळले, असे सगळे सांगतात. छापावे का? (वाचक, डिचोली)

उत्तर : ऑलिम्पिक संघांच्या याद्या उपलब्ध आहेत, नाव पडताळूनच छापा. फक्त भारताचा संघ पाहून थांबू नका. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात गोलरक्षक लिओ पिंटो होते, पण आफ्रिकेत गेलेल्या गोवेकरांनी केनियाचाही संघ गाजवला : आलू मेंडोंसा, हिलरी फर्नांडिस ही नावे 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमधली. आडनाव सोझा, सूझा, डिसूझा अशा सगळ्या रूपांत शोधा आणि जन्मसाल जुळवा. नाव सापडले नाही तर निवड चाचणीला बोलावणे आले होते का, हे घरच्या पत्रांत पाहा. तेवढेच सिद्ध झाले तर तेवढेच छापा. त्या काळी गावातून चाचणीपर्यंत पोहोचणेही मोठेच होते.