कोपराला मुका मार लागलाय? तेलाची बाटली आधी बाजूला ठेवा

पाऊस सुरू झाला की ब्रिजच्या ओल्या पायऱ्या आणि प्लॅटफॉर्मच्या गुळगुळीत लाद्या आपलं काम करतात, त्यामुळे या वेळी कोपराचेच प्रश्न जास्त आलेत, त्यातले काही घेते.

प्रश्न : विरार लोकलमधून उतरताना मागून धक्का आला आणि कोपर दरवाजातल्या दांड्यावर आपटलं. आता पाचवा दिवस, काळंनिळं खाली मनगटाकडे सरकलंय. आत रक्त पसरतंय का?

नवीन रक्त येतंय असं नाही, जुनंच खाली उतरतंय. कोपराच्या टोकाला ना चरबी ना स्नायू, कातडी आणि लगेच हाड, म्हणून बारीक रक्तवाहिन्या पटकन फुटतात आणि दिवसभर हात खाली लोंबत असतो त्यामुळे साठलेलं रक्त हळूहळू खाली येतं. आधी जांभळं-निळं, मग हिरवट, मग पिवळं होत जाईल, रक्तातलं हिमोग्लोबिन तुटतं त्याचे हे रंग आहेत, पिवळा तर त्याच बिलिरुबिनचा जो काविळीत डोळ्यांत दिसतो. 2-3 आठवड्यांत सगळं जातं.

रंगापेक्षा एक गोष्ट बघा. खुर्चीत बसून दोन्ही हात समोर करा, तळवे वर, आणि कोपरं पूर्ण ताठ करा. दुखरा हात दुसऱ्याइतकाच सरळ झाला तर फ्रॅक्चरची शक्यता खूपच कमी. अडकला तर एक्स-रे काढाच. आणि सरळ झाला पण आठवडा-दहा दिवसांनी दुखणं तसंच असेल तरी दाखवा, कारण कोपराजवळची बारीक चीर पहिल्या एक्स-रेमध्येसुद्धा कधीकधी दिसत नाही.

प्रश्न : डॉक्टर, पायरीवरून घसरून कोपर आपटलं. सासूबाई म्हणतात गरम तेलाने चोळून दे, गाठ विरघळेल. चालेल का?

नाही ताई, अजिबात नाही. सासूबाई मायेने सांगतायत हे कळतं मला, पण शरीरात दुसरीकडे कुठे चोळलं तर एकवेळ निभावतं, कोपराला नाही. कोपराच्या पुढचा स्नायू हाडाला चिकटून असतो, त्यात रक्त साठलेलं असताना जोरात चोळलं किंवा हात ओढून ताणून सरळ केला तर त्या स्नायूतच हाड तयार व्हायला लागू शकतं, मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात त्याला. असे पेशंट येतात तेव्हा फार वाईट वाटतं, मार साधाच असतो पण चार-सहा आठवडे कुणाकडून तरी मालिश करून घेतलेली असते आणि मग घास तोंडापर्यंत जात नाही, शर्टचं वरचं बटण लागत नाही.

त्याऐवजी पहिले 2 दिवस बर्फ. रुमालात गुंडाळून (फ्रीजरमधलं मटारचं पाकीटही छान बसतं कोपराभोवती) 15 मिनिटं, दर 2-3 तासांनी, थेट कातडीवर नको. बसताना हात उशीवर, छातीच्या उंचीला. क्रेप बँडेज सैलसर, बोटं गार पडली किंवा मुंग्या आल्या की सोडा. हळदीचा लेप लावायचा तर लावा, कातडी फाटलेली नसेल तर, पण अलगद. 2-3 दिवसांनी सूज उतरली की कोमट शेक चालेल, मालिश तेव्हाही नको. झोळी एक-दोन दिवसच बरं का, कोपर फार लवकर आखडतं, म्हणून दुखेल त्याच्या अलीकडे थांबून स्वतःच वाकवत-सरळ करत राहा.

प्रश्न : मुलगा 6 वर्षांचा, सोसायटीच्या झोपाळ्यावरून हातावर पडला. कोपर सुजलंय, हात हलवू देत नाही. सकाळपर्यंत थांबू का?

थांबू नका, आत्ता निघा. या वयात कोपराच्या जरा वरचं हाड मोडणं खूप कॉमन आहे आणि तिथूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. वरची ताठ करायची टेस्ट लहान मुलांवर करू नका, हात आहे तसा ओढणीच्या झोळीत ठेवा, ओढू नका. वाटेत खायला देऊ नका, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं. केईएम, सायन, नायर, कूपर, कुठेही रात्री कॅज्युअल्टी चालू असते. बोटं पांढरी, गार किंवा हलत नसतील तर तिथे पोचल्या पोचल्या आधी तेच सांगा.

प्रश्न : मार आतल्या बाजूला लागला, करंगळीत अजून झिणझिण्या येतात.

तिथून अल्नर नर्व्ह अगदी कातडीखालून जाते, करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट तिच्याकडे. बहुतेक वेळा आपोआप बरं होतं. डेस्कवर कोपर टेकवू नका, फोन कानाला लावून हात तासभर वाकवून ठेवू नका, झोपताना कोपराला सैल टॉवेल गुंडाळा. पण पकड कमी झाली, चावी फिरवता येत नाही असं झालं तर वाट बघू नका.

प्रश्न : बाबा 72 वर्षांचे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. कोपराच्या टोकाला मऊ फुगा आलाय.

टोकाच्या हाडावर एक पातळ पिशवी असते, बर्सा, तिच्यात रक्त किंवा पाणी भरलं असेल. सुईने फोडायचा विचारही नको, इन्फेक्शन होतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना आजच फोन करा. दुखण्याला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक नको, लिव्हरचा त्रास नसेल तर पॅरासिटामॉल चालेल. फुग्याच्या कडेला पेनाने रेघ मारून ठेवा, सूज रेघेबाहेर गेली, फुगा लाल-गरम झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या.