कॅनडातल्या वर्गात पहिलं वर्ष

शिकवण्याच्या नोकरीबद्दल मनापासून अभिनंदन! सुरुवातीला मोजकंच धर.

- फर्स्ट नेशन्स, इन्युइट, मेटी हे कॅनडातले वेगवेगळे मूळनिवासी समाज आहेत. शाळा कुणाच्या भूमीवर उभी आहे, ते आधी शोध.
- ३० सप्टेंबरला, निवासी शाळांतल्या मुलांच्या स्मरणदिनी, नारिंगी शर्ट घातला की झालं, ही नेहमीची चूक. दीड लाखाहून जास्त मूळनिवासी मुलं घरापासून तोडून सरकार आणि चर्चच्या या शाळांत घातली गेली. हा विषय एका दिवसात मावत नाही.
- मूळनिवासी मुलाला सगळ्यांसमोर ‘तुमच्यात कसं असतं?’ विचारू नकोस. मी विचारलं होतं. त्या मुलीची खाली गेलेली मान अजून डोळ्यांसमोर येते.
- टोमणा ऐकलास तर तिथेच थांबव, तास बुडाला तरी चालेल.

निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या ९४ आवाहनांपैकी सध्या शिक्षणाबद्दलची ६२ आणि ६३ वाच. बाकीचं दिवाळीनंतर बोलू.