वाचक विचारतात : परक्या फौजेच्या पहाऱ्यात लोकशाही रुजते का?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका मंडळाने गणेशोत्सवातल्या वादविवाद स्पर्धेसाठी यंदा ‘लष्करी ताबा घेऊन दुसऱ्या देशात लोकशाही आणता येते’ हा विषय ठेवला आहे. तो जाहीर झाल्यापासून स्पर्धकांची, पालकांची आणि निवृत्त फौजींचीही पत्रे येत आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

आमची नात विषयाच्या बाजूने बोलणार आहे. जपान आणि जर्मनी ही दोन नावे घेतली की बाजी मारली, असे तिला वाटते. तेवढ्यावर भागेल का?
— एक आजोबा, दौलतगंज

आजोबा, उदाहरणे योग्य आहेत, पण नुसती नावे घेतली तर समोरचा स्पर्धक ती तिच्यावरच उलटवील. या दोन्ही देशांना निवडणूक नवी नव्हती. जपानची संसद १८९० पासून भरत होती. १९२५ मध्ये तिथे पंचवीस वर्षांवरील सर्व पुरुषांना मताधिकार मिळाला आणि १९२८ मध्ये त्यानुसार मतदानही झाले. जर्मनीची १९१९ची वायमार राज्यघटना तर स्त्रियांनाही मत देत होती. पुढे एकीकडे लष्करशहांनी आणि दुसरीकडे नाझींनी ही व्यवस्था मोडली, पण ती चालवलेली माणसे १९४५ मध्ये हयात होती. १९१७ ते १९३३ कोलोनचे महापौर असलेले कोनराड आडेनाउअर १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचे पहिले चान्सलर झाले. १९२०च्या दशकात परराष्ट्रमंत्री राहिलेले शिदेहारा किजूरो ऑक्टोबर १९४५ मध्ये जपानचे पंतप्रधान झाले.

मग ताबा घेणाऱ्या फौजेने काय केले? आतून कोणाला हलवता येत नव्हते ते अडसर तिने हलवले. जपानमधली जमीनसुधारणा नातीने जरूर सांगावी. गावात न राहणाऱ्या जमीनदाराची कुळांकडची सगळी जमीन आणि गावात राहणाऱ्याची साधारण एक हेक्टरवरची कुळवहिवाटीची जमीन सरकारने विकत घेतली आणि कसणाऱ्यांना विकली. कुळांकडे असलेले क्षेत्र सुमारे ४६ टक्क्यांवरून १० टक्क्यांच्या आसपास आले. जमीनदार सांगेल तिथे मत देण्याची सक्ती त्यामुळे संपली. एप्रिल १९४६च्या निवडणुकीत जपानी स्त्रियांनी पहिल्यांदा मत दिले आणि ३९ स्त्रिया निवडून आल्या.

जर्मनीच्या उदाहरणात विरोधी बाजूचे हत्यारही दडले आहे, त्याची तयारी हवी. देश एक, पराभव एक, ताब्याची सुरुवातही एकाच वर्षी. तरी पूर्व भागात सोव्हिएत फौजेने लोकशाही येऊ दिली नाही. एप्रिल १९४६ मध्ये तिथल्या समाजवादी पक्षाला कम्युनिस्ट पक्षात विलीन व्हायला लावले. ऑक्टोबरमध्ये अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ या चारही सत्तांच्या देखरेखीखालच्या बर्लिनमध्ये या नव्या पक्षाला २० टक्क्यांच्या आतच मते मिळाली, आणि त्यानंतर सोव्हिएत भागात खरी स्पर्धा असलेली निवडणूक झालीच नाही. ताबा घेणाऱ्यालाच लोकशाही नको असेल तर बाकी चर्चेला अर्थ उरत नाही.

सर, इराकमध्ये अमेरिकेचे सैन्य कमी पडले म्हणून सगळे फसले, असे वाचनात आले. हे कारण स्पर्धेत द्यावे का?
— राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी, जीवाजी विद्यापीठ

द्या, पण आधी स्वतः हिशेब करून बघा. सैनिकांच्या संख्येला लोकसंख्येने भागायचे आणि हजाराने गुणायचे. १९४५च्या अखेरीस जपानमध्ये सुमारे साडेतीन लाख अमेरिकी सैनिक होते आणि लोकसंख्या सुमारे ७ कोटी २० लाख : हजारी पाच. इराकमध्ये २००३ साली सुमारे दीड लाख अमेरिकी सैनिक आणि अडीच कोटी लोक : हजारी सहा. प्रमाण जवळपास तेच, उलट इराकमध्ये किंचित जास्तच. म्हणजे सैन्य कमी पडले हे खरे असले, तरी ते का कमी पडले ते वेगळे शोधावे लागते.

जपानमध्ये सम्राट, मंत्रिमंडळ, जिल्ह्याजिल्ह्यातले अधिकारी आणि पोलीस जागेवर राहिले. अमेरिकी आदेश त्यांच्यामार्फतच खाली जात. लष्कर मोडायचे कामदेखील जपानी खात्यांनीच केले : १ डिसेंबर १९४५ रोजी युद्ध आणि नौदल मंत्रालयांची सैन्यविसर्जन मंत्रालये झाली आणि त्यांनीच आपले सैनिक नोंदवून घरी पाठवले.

इराकमध्ये बगदाद ९ एप्रिल २००३ला पडले आणि तेल मंत्रालय सोडून बहुतेक मंत्रालये लुटली गेली. १६ मे रोजी पॉल ब्रेमर यांच्या अमेरिकी ताबा प्रशासनाचा आदेश क्रमांक १ निघाला : सद्दाम हुसेन यांच्या बाथ पक्षाच्या वरच्या चार श्रेणींतला माणूस सरकारी नोकरीत नको, आणि प्रत्येक खात्याच्या वरच्या तीन थरांतला माणूस साधा सदस्य असला तरी नको. बढतीसाठी पक्षाचे सदस्यत्व घ्यावेच लागे अशा देशात हजारो शिक्षक, डॉक्टर आणि अभियंते याखाली बाहेर गेले. आठवड्याने, २३ मे रोजी, आदेश क्रमांक २ने सैन्यच विसर्जित केले. चार लाखांच्या आसपास माणसे, हाती शस्त्र चालवायचे शिक्षण, आणि पगार बंद. भत्त्याची घोषणा निदर्शने झाल्यावर, जूनच्या अखेरीस आली. तोवर रस्त्यावरची सगळी जबाबदारी त्याच हजारी सहावर येऊन पडली होती.

जर्मनीत नाझींना मोकळे सोडले होते का, असा प्रतिप्रश्न येईल. नाही. अमेरिकी भागात प्रौढांना १३१ प्रश्नांची छापील पत्रके भरावी लागली. मात्र मार्च १९४६च्या कायद्याने ही प्रकरणे जर्मन लवादांकडे गेली आणि मुख्य गुन्हेगारापासून निर्दोषापर्यंत पाच वर्ग ठरले. बहुसंख्य लोक ‘मागून चालणारे’ या वर्गात दंड भरून सुटले. न्याय म्हणून हे फार तोकडे होते आणि पीडितांवर त्यात अन्यायच झाला, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण माणूस काय होता यापेक्षा त्याने काय केले ते पाहिले गेले, निकाल देणारे स्थानिक होते आणि शिक्षेला अंत होता.

निवडणूक लगेच घ्यावी की थांबून?
— एक स्पर्धक, शिंदे की छावनी

किती लवकर याहून आधी कुठली, हे विचारा. जर्मनीच्या अमेरिकी भागात जानेवारी १९४६ मध्ये लहान गावांची निवडणूक झाली, वसंतात जिल्हे आणि शहरे, जूनमध्ये प्रांतांच्या घटनासभा, वर्षअखेर प्रांतांची विधिमंडळे. देशपातळीवरचे मतदान १४ ऑगस्ट १९४९ला झाले. गावच्या पाण्याचा आणि शाळेचा कारभार करून माणसे पारखली गेली, पक्षांच्या शाखा उभ्या राहिल्या, आणि हरलेल्याला पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहता येते हे लोकांनी पाहिले.

इराकमध्ये क्रम उलटा झाला. नजफमध्ये मतदारनोंदणी होऊनही जून २००३ मध्ये स्थानिक निवडणूक रद्द केली गेली. ३० जानेवारी २००५ला एकदम राष्ट्रीय निवडणूक झाली, तीही सगळा देश एकच मतदारसंघ धरून, २७५ जागांसाठी. अशा पद्धतीत एखाद्या भागाने बहिष्कार घातला की त्याचे प्रतिनिधित्वच जाते. सुन्नीबहुल अनबार प्रांतात मतदान सुमारे दोन टक्के झाले. राज्यघटना लिहिणाऱ्या सभेत तो समाज जवळपास नव्हताच. प्रांतवार मतदारसंघ असते तर कमी मतदानातही अनबारच्या जागा अनबारलाच राहिल्या असत्या. डिसेंबरच्या निवडणुकीत तसे केलेही, पण घटना ऑक्टोबरमध्येच मंजूर झाली होती. मतदारयादी नव्हती म्हणून घाई करता येत नव्हती, हे कारणही टिकत नाही, कारण २००५ची यादी शेवटी रेशनच्या नोंदींवरूनच केली आणि त्या नोंदी २००३ मध्येही होत्या.

परक्यांनी लिहिलेली राज्यघटना लोक आपली मानतील कशी?
— एक निवृत्त शिक्षिका, नई सडक

बाई, जपानच्या घटनेचा मसुदा ताबा फौजेचे प्रमुख जनरल मॅकआर्थर यांच्या कार्यालयातल्या अमेरिकनांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये साधारण आठवडाभरात लिहिला. स्त्री-पुरुष समानतेचे कलम लिहिणाऱ्या बेआते सिरोटा तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. तरीही ती घटना ३ मे १९४७ पासून आजतागायत एकदाही दुरुस्त झालेली नाही. निवडून आलेल्या संसदेने जून ते ऑक्टोबर १९४६ तिच्यावर वाद घातला आणि तिच्यात बदल केले, हे यामागचे एक मोठे कारण. एक सभागृह असावे असे मसुद्यात होते; जपान्यांनी दोन मागितली आणि मिळवली. किमान सुसंस्कृत जीवनाचा हक्क समाजवादी सदस्यांनी घातला.

याच्या शेजारी हैती ठेवून बघा. अमेरिकी नौसैनिक जुलै १९१५ मध्ये उतरले. परकीयांना जमीन घेऊ देणारी घटना विधिमंडळाने नाकारली, तेव्हा १९१७ मध्ये विधिमंडळच बरखास्त केले आणि पुढच्या वर्षी बंदुकीच्या पहाऱ्यात सार्वमत घेऊन तीच घटना मंजूर करवली. रस्त्यांसाठी शेतकऱ्यांना वेठबिगारीवर जुंपले, त्यावरून बंड झाले. एकोणीस वर्षांनी फौज परतली तेव्हा हैतीत लोकशाही नव्हती.

इराकमध्ये शिया धर्मगुरू आयातुल्ला सिस्तानी यांनी जून २००३ मध्येच फतवा काढला होता की घटना लिहिणारे निवडून आलेलेच हवेत. ते ऐकायला अमेरिकी प्रशासनाने महिनोन्महिने लावले, आणि ही त्या ताब्यातली आम्हाला सर्वात जास्त सलणारी गोष्ट आहे. लोकशाहीची मागणी एक धर्मगुरू करत होता आणि ती आणायला आलेले तिला अडवत होते.

फौज परत जाताना मागे काय ठेवते, यावर काही सांगाल का?
— एक निवृत्त सुभेदार, मुरार

सुभेदारसाहेब, सगळ्यात कळीचा प्रश्न तुम्हीच विचारलात. मध्य अमेरिका आणि कॅरिबियनमध्ये ताब्यात घेतलेल्या देशांत अमेरिकेने एकच पद्धत वापरली : जुनी सैन्ये मोडायची आणि पोलीस व सैन्य मिळून एकच नवे दल उभारायचे. हेतू असा की हे दल राजकारणापासून अलिप्त राहील. पण संसद दुबळी, न्यायालये दुबळी, पक्ष फुटलेले, आणि शिस्त, पगार, दारूगोळा, बिनतारी यंत्रणा हे सगळे एकाच दलाकडे. डॉमिनिकन रिपब्लिकमधून फौज १९२४ मध्ये गेली. त्या दलात तयार झालेला राफाएल त्रुहियो १९३० मध्ये सत्तेवर बसला आणि १९६१ मध्ये मारला जाईपर्यंत हलला नाही. निकाराग्वातून फौज १९३३ मध्ये गेली. नॅशनल गार्डचा प्रमुख अनास्तासिओ सोमोसा याने तीन वर्षांत निवडून आलेल्या अध्यक्षाला हटवले आणि त्याच्या घराण्याची सत्ता १९७९ पर्यंत चालली.

म्हणून कुठल्याही ताब्याबद्दल बातमी वाचताना दलात किती जवान भरती झाले हा आकडा बाजूला ठेवा. त्यांचा पगार कोण मंजूर करतो, प्रमुखाला कोण नेमतो आणि कोण काढू शकतो, खर्च तपासणारे कोणी आहे का, हे शोधा. तिन्हीचे उत्तर निवडून आलेली सभा असे नसेल, तर धोका तिथेच आहे. पनामात १९८९च्या आक्रमणानंतर जुने लष्कर मोडले आणि १९९४ मध्ये घटनेतच कायमस्वरूपी लष्कर ठेवायचे नाही असे लिहिले. तिथे निवडणुकीने सरकारे बदलत राहिली. अर्थात आक्रमणाआधी, १९८९च्याच मे महिन्यात, अध्यक्षपदासाठी गियेर्मो एंदारा यांना लोकांनी मते दिली होती, हेही विसरू नका.

आपल्या ग्वाल्हेरलाही इंग्रजांच्या फौजेने ताब्यात ठेवले होते. त्याचे उदाहरण चालेल का?
— एक वाचक, जीवाजीगंज

लोकशाहीचे उदाहरण म्हणून चालणार नाही, कारण इंग्रजांचा तो हेतूच नव्हता. मुरारच्या सुभेदारांच्या प्रश्नाला पुरावा म्हणून मात्र चांगले चालेल. २९ डिसेंबर १८४३ला महाराजपूर आणि पनिहार येथे शिंद्यांच्या सैन्याचा पराभव झाला. जानेवारी १८४४च्या तहाने दरबाराचे सैन्य नऊ हजारांवर बांधले गेले, महाराज अज्ञान असेपर्यंत कारभारी मंडळाने रेसिडेंटचा, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीचा, सल्ला मानायचा असे ठरले, आणि इंग्रज अधिकाऱ्यांची कंटिंजंट फौज वाढवली; तिचा खर्च संस्थानाच्या माथी. पैसा एकाचा आणि हुकूम दुसऱ्याचा, अशी ही फौज १४ जून १८५७ रोजी मुरारमध्ये उठली. ती ना कंपनीची राहिली ना दरबाराची, आणि नोव्हेंबरमध्ये तात्या टोप्यांबरोबर कानपूरला लढली. किल्ल्यावर इंग्रजांचे सैन्य १८५८ पासून १८८६ पर्यंत होते. त्या अठ्ठावीस वर्षांत रयतेला कारभारात मत मिळाले नाही.

ताबा घेणाऱ्याला दुसऱ्याची राज्यघटना बदलायचा अधिकार असतो का?
— एक वकील, लष्कर

१९०७च्या हेग नियमांच्या कलम ४३ नुसार नसतो. अगदीच अशक्य नसेल तर तिथले चालू कायदे पाळायचे असतात. जपानच्या बाबतीत शरणागतीच्या अटींचा आधार घेतला गेला, इराकच्या बाबतीत सुरक्षा परिषदेच्या २२ मे २००३च्या ठराव क्रमांक १४८३चा.

भारतानेही परदेशात फौज पाठवली. आपला अनुभव काय सांगतो?
— एक माजी हवालदार, मुरार

बांगलादेशात आपण सरकार बनवले नाही. १९७०च्या निवडणुकीत निवडून आलेले प्रतिनिधी होते, त्यांचेच सरकार बसले आणि आपली फौज मार्च १९७२ मध्ये, म्हणजे पाकिस्तानी शरणागतीनंतर तीन महिन्यांत, परत आली. त्यामुळे ते सरकार बाहुले ठरले नाही. पण तेवढ्याने लोकशाही टिकलीही नाही : १९७५च्या जानेवारीत एकपक्षीय राजवट आली आणि ऑगस्टमध्ये शेख मुजीब यांची हत्या झाली.

श्रीलंकेत शांतिसेना जुलै १९८७च्या करारानुसार, तिथल्या सरकारच्या संमतीने गेली, तेव्हा तो कायद्याने ताबा नव्हता. तरी नोव्हेंबर १९८८ची उत्तर-पूर्व प्रांतिक परिषदेची निवडणूक आपल्या बंदोबस्तातच झाली. तमिळ वाघांनी (एलटीटीई या सशस्त्र संघटनेने) बहिष्कार घातला होता आणि उत्तरेत जागा बिनविरोध गेल्या, म्हणजे तिथे मतदान झालेच नाही. वरदराज पेरुमाळ मुख्यमंत्री झाले. त्यांच्या रक्षणासाठी तमिळ नॅशनल आर्मी उभी केली, त्यात कितीतरी पोरे जबरदस्तीने भरती केलेली होती. आपली फौज माघारी निघाली तसे वाघांनी त्या दलाला झोडपून काढले. शेवटची तुकडी २४ मार्च १९९०ला परतली. अकराशेहून अधिक भारतीय जवान तिथे कामी आले. मुख्यमंत्री त्याच महिन्यात देश सोडून निघून गेले आणि परिषद त्याच वर्षी बरखास्त झाली. दोन्ही बाजूंच्या स्पर्धकांनी हे उदाहरण घ्यावे : बाजूने बोलणाऱ्याने बिनविरोध जागांचे उत्तर तयार ठेवावे, विरोधात बोलणाऱ्याने संमती आणि ताबा यांतला फरक.