छतावरची डबी: कुठली घ्यावी, कुठे लावावी?

आगीची सूचना देणारी यंत्रं बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात माझी २६ वर्षं गेली. या वेळी आलेली बहुतेक पत्रं स्मोक डिटेक्टरबद्दलच, म्हणजे धूर आला की भोंगा वाजवणाऱ्या छतावरच्या डबीबद्दलच होती, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात.

प्रश्न: दुकानात दोन प्रकार दाखवले, आयोनायझेशन आणि फोटोइलेक्ट्रिक. विक्रेता म्हणाला, पहिला लवकर वाजतो, तोच घ्या. पण त्यात किरणोत्सारी पदार्थ असतो हे कळल्यापासून सासूबाई तो घरात आणू द्यायला तयार नाहीत. काय करावं?

विक्रेता अर्धं खरं बोलला. लवकर वाजतो, पण कुठल्या आगीला?

आयोनायझेशनच्या डबीत अमेरिशियम-२४१ नावाचा पदार्थ असतो, एका मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी. त्याच्या किरणांमुळे दोन पट्ट्यांमधल्या हवेतून अगदी बारीक वीजप्रवाह वाहत राहतो. धूर आत शिरला की हा प्रवाह मंदावतो आणि भोंगा वाजतो. १९३०च्या दशकात वॉल्टर येगर हा स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारं यंत्र बनवू पाहत होता. वायूला यंत्र दाद देईना, म्हणून वैतागून त्याने सिगारेट पेटवली आणि काटा हलला, असा किस्सा आमच्या धंद्यात सांगतात. कागद भसाभस पेटला, तेलाने भडका घेतला, की जो बारीक कणांचा धूर होतो, तो ही डबी पटकन ओळखते.

फोटोइलेक्ट्रिकचं काम कवडशासारखं चालतं. अंधाऱ्या खोलीत कवडसा आला की एरवी न दिसणारी धूळ चमकायला लागते ना, तसंच. डबीतल्या काळ्या कप्प्यात एक छोटा दिवा असतो आणि त्याचा उजेड थेट पडणार नाही अशा कोपऱ्यात एक संवेदक बसवलेला असतो. धूर आला की उजेड विखुरतो, संवेदकावर पडतो आणि अलार्म वाजतो. गादी, सोफा, अतिताप झालेली वायर अशा गोष्टी आधी बराच वेळ नुसत्या धुमसतात. त्यांच्या धुरातले कण जाड असतात आणि ते या डबीला लवकर सापडतात.

अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी मानक-संस्थेने खऱ्या घरांमध्ये आगी लावून चाचण्या घेतल्या आहेत. भडकलेल्या आगीत आयोनायझेशन थोडं आधी वाजलं, धुमसत्या आगीत फोटोइलेक्ट्रिक बरंच आधी. हा 'थोडं' आणि 'बरंच'मधला फरकच मला महत्त्वाचा वाटतो. भडका उडाला तेव्हा तुम्ही बहुधा जागे असता, समोर असता. गादी धुमसते ती तुम्ही झोपल्यावर. आणि धुराच्या वासाने जाग येईल या भरवशावर कुणी राहू नका. झोपेत नाक आपल्याला उठवत नाही. उलट धुरातला कार्बन मोनॉक्साइड झोप आणखी गाढ करतो.

म्हणून एकच प्रकार घ्यायचा तर फोटोइलेक्ट्रिक घ्या. दोन्ही संवेदक असलेली डबी परवडली तर तीही चालेल. खोक्यावर ईएन १४६०४ किंवा यूएल २१७ यांपैकी एखाद्या मानकाचा उल्लेख आहे का, ते मात्र बघा. नुसतं 'उच्च दर्जाचे' असं छापलेलं खोकं मी परत ठेवते.

सासूबाईंना सांगा की ते किरण कागदाच्या एका कपट्यानेही अडतात. डबी उघडून कोरली नाही, जाळली नाही, तर तिच्यापासून धोका नाही. तरीही तुमच्या घरात त्यांचं आणि माझं मत एकच पडतंय, फक्त कारणं वेगळी. तेव्हा वाद घालू नका, फोटोइलेक्ट्रिक आणा.

प्रश्न: स्वयंपाकघराच्या दाराशी लावलेला डिटेक्टर रोज बोंबलतो. यजमान वैतागून त्याचा सेलच काढून ठेवतात. संवेदनशीलता कमी करता येते का?

घरगुती डबीत ती सोय बहुधा नसते, आणि असती तरी मी हात लावू दिला नसता. जागा बदला. शेगडीपासून निदान ३ मीटर लांब न्या, न्हाणीघराच्या दारासमोर तर नकोच, कारण वाफेलाही ती धूर समजते. तुमची डबी आयोनायझेशनची असेल तर ती बदला, रोजच्या स्वयंपाकाला जास्त तीच ओरडते. नव्या डबीवर काही मिनिटं गप्प करण्याचं बटण असतं, यजमानांना ते दाखवा. शिडी आणून सेल काढण्यापेक्षा ते सोपं आहे, आणि माणूस शेवटी सोपं तेच करतो.

स्वयंपाकघरातच काही लावायचं असेल तर उष्णता ओळखणारा डिटेक्टर लावा. तो साधारण ५७ अंश सेल्सियसला वाजतो, काही डिटेक्टर तापमान झपाट्याने वाढलं तरी वाजतात. फक्त त्याच्या जोरावर झोपायच्या खोल्या सोडू नका. तिथे धूर आधी पोचतो, उष्णता फार उशिरा.

यजमानांना नावं ठेवणार नाही. घराला रंग देताना मी स्वतः एका डिटेक्टरवर प्लॅस्टिकची टोपी चढवली होती. ती ४ महिन्यांनी काढली, तीही कोळी पकडायला वर चढले म्हणून.

प्रश्न: आईला कमी ऐकू येतं, ती मागच्या खोलीत झोपते. मुलगा ८ वर्षांचा, ढोल वाजवला तरी उठत नाही. एक डिटेक्टर दिवाणखान्यात आहे. पुरे का?

नाही. प्रत्येक झोपायच्या खोलीत एक, त्या खोल्यांबाहेरच्या बोळात एक आणि घराला मजले असतील तर प्रत्येक मजल्यावर निदान एक हवा. सगळे एकमेकांना जोडलेले घ्या, बिनतारीही मिळतात. दिवाणखान्यात धूर झाला की आईच्या उशाशीही वाजलं पाहिजे.

साधा भोंगा ३ मीटरवर ८५ डेसिबलचा असतो, पण त्याचा सूर फार वरचा, ३००० हर्ट्झच्या आसपास. वयाबरोबर कान आधी नेमके हेच वरचे सूर सोडतात. ५२० हर्ट्झचा खालच्या सुराचा भोंगा अशा माणसांना जास्त उठवतो. तोही पुरणार नसेल तर उशीखाली ठेवायचा, थरथरून उठवणारा जोड मिळतो.

मुलाचं म्हणाल तर त्यात त्याचा दोष नाही. मुलांची झोपच तशी असते, भोंग्याच्या आवाजात ती खुशाल झोपून राहतात हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून त्याला कोण उठवणार आणि आईचा हात कोण धरणार, हे आजच ठरवा. झोपताना खोलीचं दार लावून घेतलं तर धूर आत यायला वेळ लागतो. दार लावायचं म्हणजे खोलीत डिटेक्टर हवाच.

प्रश्न: पहाटे दर मिनिटाला 'टुक' असा आवाज येतो, दिवसा बंद. भुताटकी आहे का?

सेल उतरलाय. पहाटे गारठ्याने त्याचा विद्युतदाब (व्होल्टेज) आणखी पडतो, म्हणून तेव्हाच बोलतो. नवा सेल घालूनही टुकटुक राहिली तर डबीमागची तारीख वाचा. १० वर्षं झाली असतील तर डबीच बदला.

प्रश्न: डिटेक्टर चालतोय का हे काडी पेटवून खाली धरून बघावं का?

नको. काजळी आत बसते आणि हात भाजतो तो वेगळाच. महिन्यातून एकदा डबीवरचं तपासणीचं बटण दाबा. जाळीवरची धूळ अधूनमधून व्हॅक्यूम क्लीनरच्या मऊ ब्रशने ओढून घ्या. बटण दाबण्याआधी घरातल्यांना सांगा, पण वर्षातून एकदा मुद्दाम सांगू नका. मी तसं केलं तेव्हा माझी ७९ वर्षांची आई चष्मा आणि औषधांची पिशवी घेऊन दाराबाहेर उभी होती. बाकीचे तिघे आतून विचारत होते, "अगं, काय वाजतंय ते?"