पंप बंद, तरी पाणी चालूच

प्रश्न : मे महिन्यात गावी गेल्यावर बाल्कनीतल्या ८ कुंड्या जगाव्यात म्हणून आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम भरता येणारा छोटा सर्किट बोर्ड), मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर, रिले (बोर्डच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) आणि ५ व्होल्टचा पाण्यात बुडणारा छोटा पंप जोडून नमुना केला. पंप सुरू होताच बोर्ड रीसेट होतो. बंद झाल्यावरही नळीतून पाणी येत राहतं आणि खालच्यांच्या बाल्कनीत गळतं. चूक कुठे आहे?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : प्रोग्रॅममध्ये शोधत बसू नका, दोन्ही चुका जोडणीतल्या वाटतात.

बादली कुंड्यांपेक्षा उंचावर असेल तर एकदा भरलेली नळी सायफनसारखी, म्हणजे पंपाशिवाय आपोआप, वाहतच राहते. एकमार्गी व्हॉल्व्ह इथे कामाचा नाही, कारण पाणी योग्य दिशेनेच चाललेलं असतं. बादली जमिनीवर आणि कुंड्या स्टँडवर, हा सगळ्यात खात्रीचा उपाय. जागा नसेल तर नळीच्या सर्वांत उंच भागाला, बादलीच्या तोंडाशी पण पाण्याच्या वर, २ मिमीचं भोक पाडा. पंप थांबला की तिथून हवा शिरते आणि धार तुटते. पंप चालू असताना भोकातून उडणारं पाणी बादलीतच पडेल असं बघा.

रीसेटचं कारण म्हणजे पंप सुरू होताना एकदम जास्त वीज ओढतो आणि बोर्डला ती कमी पडते. पंपाला बोर्डच्या ५ व्होल्ट पिनेवरून वीज देऊ नका. वेगळा ५ व्होल्ट, २ अँपिअरचा अॅडॉप्टर घ्या. पंपाच्या दोन तारांमध्ये १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा, त्यावरच्या पट्टीचं टोक धन तारेला.

सेन्सर दोन उघड्या पट्ट्यांचा असेल तर तो बदलाच. सतत वीज वाहून त्या पट्ट्या गंजतात आणि आकडे भरकटतात. कपॅसिटिव्ह सेन्सर (ज्याचा धातू मातीला उघडा लागत नाही) घ्या, वरच्या उघड्या इलेक्ट्रॉनिक भागांवर इपॉक्सी लावा. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधले आकडे उचलू नका. तुमच्याच कुंडीतली माती कोरडी असताना आणि भरपूर पाणी घातल्यावर आकडा टिपा. या सेन्सरचा आकडा ओलाव्याबरोबर उतरतो. पाणी मुरायला वेळ लागतो, म्हणून ५ सेकंद पंप, १० मिनिटं थांबा, मग पुन्हा मोजा.

आता सेन्सर मुद्दाम मातीतून उपसून बघा. हवेत त्याला सगळं कोरडंच दिसतं आणि पंप बादली रिकामी करू पाहतो. म्हणून दिवसभरात पंप किती सेकंद चालेल याची मर्यादा प्रोग्रॅममध्ये हवीच. १० सेकंदांत किती पाणी पडतं ते मापाच्या भांड्यात मोजून ती ठरवा. कुंडीला रोज पाव लिटर धरलं तर ८ कुंड्यांना २ लिटर, म्हणजे २० लिटरची बादली जेमतेम १० दिवस. तळचं पाणी पंप ओढत नाही आणि कोरडा चालला तर जळतो. तिथे फ्लोट स्विच, म्हणजे पाणी उतरलं की पंप बंद करणारा तरंगता स्विच, बसवा.